तीन शास्त्रे, एक पदवी

वसंतातले हे दिवस मोठे चमत्कारिक असतात. परीक्षा आटोपलेल्या असतात, निकाल लागायचे असतात, आणि आंब्याच्या पेट्यांबरोबर घरोघर एक प्रश्नही येऊन पडलेला असतो : पुढे काय घ्यायचे? मुलाने किंवा मुलीने 'अर्थशास्त्र घेणार' असे सांगितले तर घरातल्यांना निदान विषयाचे नाव तरी कळते. पण 'अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असे सगळे मिळून एकाच पदवीसाठी शिकणार' असे उत्तर आले, की आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आजोबांची ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या देशात अशा जोड-पदवीचा पाया प्रथम पक्का घातला गेला, तिथेही मोठमोठ्या पंडितांनी हीच शंका घेतली होती आणि तिचा निकाल आजही पुरता लागलेला नाही. म्हणून आज आम्ही आपल्यापुढे या पदवीची कुळकथा मांडणार आहोत. ती ऑक्सफर्डची कथा आहे. पण तिचे एक मूळ विद्यापीठाच्या बाहेर, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांनी काळवंडलेल्या एका गावात आहे. तुमच्याआमच्यासारख्या व्याख्यानाला जमणाऱ्या नागरिकांशी तिचा संबंध आहे तो तिथेच.

एकोणिसाव्या शतकातल्या ऑक्सफर्डमध्ये सर्वांत मानाचा अभ्यास कोणता, तर 'ग्रेट्स'. चार वर्षांचा हा अभ्यासक्रम. आधी ग्रीक आणि लॅटिन या भाषा व त्यांचे वाङ्मय, नंतर प्राचीन इतिहास आणि तत्त्वज्ञान. हिंदुस्थानच्या सनदी नोकरीत आलेले कितीतरी इंग्रज अधिकारी याच तालमीतून तयार झालेले होते. आपल्याला वाटते की ही निव्वळ घोकंपट्टी असावी. वस्तुतः तसे नव्हते. अथेन्सचे नगरराज्य हा एकच समाज घेऊन त्याचा इतिहास, त्याची राज्यव्यवस्था, त्याचे धान्य कोठून येई, त्याचे गुलाम कोण, आणि न्याय म्हणजे काय याविषयी त्याचे विचारवंत काय म्हणत, हे सारे एकत्र पाहिले जाई. म्हणजे जोड-अभ्यास काही विसाव्या शतकाने नव्याने काढला असे नाही. ग्रेट्सची उणीव दुसरी होती. अथेन्सच्या बंदरात गहू कसा येतो हे विद्यार्थी बिनचूक सांगे. मँचेस्टरच्या गिरणीतल्या बाईची मजुरी कशी ठरते हे मात्र त्याला कोणी विचारीत नसे.

मग आधुनिक समाजाचा अभ्यास कोठे होत होता? पूर्वी तो तत्त्वज्ञानाच्याच घरात नांदत असे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, हे आपण जाणतो. पण त्यापूर्वी तो ग्लासगो येथे नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता, हे आपण विसरतो. त्याच्या मनात न्याय, राज्य आणि बाजार हे तीन वेगळे विषय नव्हते. पुढे ज्ञान वाढले तसे भाऊ वेगळे निघू लागले. केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी मोठ्या चिकाटीने अर्थशास्त्राला नीतिशास्त्र आणि इतिहास यांच्या छपराखालून बाहेर काढले, आणि १९०३ मध्ये त्याची स्वतंत्र पदवी-परीक्षा सुरू झाली. मार्शल यांचा मुद्दा बिनतोड होता. व्यापार, नाणे, मजुरी यांचे प्रश्न इतके गुंतागुंतीचे झाले होते की, उरल्यासुरल्या वेळात ते शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागले नसते. एका विषयात खोल जायचे तर त्याला पुरता वेळ हवा. आजोबांचा पक्ष तो हाच.

इकडे लंडनमध्ये सिडनी आणि बिॲट्रिस वेब या दांपत्याने आपल्या मित्रांच्या साहाय्याने १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था काढली होती, आणि १९०१ मध्ये लंडन विद्यापीठाने अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवीही सुरू केली. तिथे अर्थशास्त्राच्या शेजारी राज्यकारभाराचा अभ्यास बसविलेला होता. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी दोन वाटा दिसू लागल्या होत्या : एक वेगळे होण्याची, एक शेजारी बसण्याची. तिसरी वाट, म्हणजे एकत्र गुंफण्याची, अजून निघायची होती. ती दाखविणारे लोक मात्र प्राध्यापक नव्हते.

१९०३ मध्ये आल्बर्ट मॅन्सब्रिज नावाच्या, सहकारी चळवळीत वाढलेल्या एका कारकुनाने आपल्या पत्नीच्या साहाय्याने कामगार-शिक्षणाची एक संघटना काढली. नुसती व्याख्याने ऐकून माणसे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात, हे त्याने पाहिले होते. त्याला हवे होते विद्यापीठाच्या तोडीचे शिक्षण. त्यातून १९०८ मध्ये दोन गावी वर्ग सुरू झाले. एक रॉचडेल, १८४४ मध्ये सहकारी भांडाराचा पाया घालणाऱ्या विणकरांचे हे गाव आपल्या सहकारी कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. दुसरे लाँगटन, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरातले, कुंभारकामाच्या कारखान्यांचे. दोन्ही वर्गांचा शिक्षक एकच : आर. एच. टॉनी. जन्म कलकत्त्याचा, १८८० चा. शिक्षण ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयात, त्याच जुन्या ग्रेट्सचे. शुक्रवारी संध्याकाळी लाँगटन, शनिवारी रॉचडेल, असा त्यांचा क्रम असे.

या वर्गांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. अभ्यास तीन वर्षांचा. वर्षाला चोवीस आठवडे. दर खेपेस दोन तास : एक तास शिक्षकाने बोलायचे, दुसरा तास विद्यार्थ्यांनी त्याला धारेवर धरायचे. आणि दर पंधरवड्याला प्रत्येकाने निबंध लिहून आणायचा. दिवसभर भट्टीपाशी वा खाणीत राबलेल्या माणसाने रात्री कंदिलाशी बसून निबंध लिहायचा! पदवी नाही, बढती नाही, पगारवाढ नाही.

ही माणसे विचारीत तरी काय होती? त्यांचा प्रश्न साधा होता : आमचा माल जगभर जातो, मग आमच्या घरी भाकरीची भ्रांत का? या प्रश्नाला टॉनींनी अर्थशास्त्राचे उत्तर दिले, तर कामगार म्हणत, पण हा कायदा केला कोणी? कायद्याचे सांगितले, तर विचारीत, हे पूर्वीपासूनच असे होते काय? इतिहास सांगितला, तर शेवटचा प्रश्न उरेच : हे न्याय्य आहे काय? भुकेच्या प्रश्नावर 'हा भाग आमच्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही' असे म्हणायची सोय नव्हती. टॉनींनी १९१२ मध्ये सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावर आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत या विणकरांचे, कुंभारांचे आणि खाणकामगारांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. गुरूने शिष्यांकडून काय घेतले, याची याहून चांगली पावती आम्हांला ठाऊक नाही.

बेलियलमध्येच तत्त्वज्ञान शिकविणारे ए. डी. लिंडसे हेही या चळवळीतले. त्यांचा स्टोकच्या परिसराशी जो संबंध जडला तो अखेरपर्यंत टिकला. तिकडे आपण पुढे जाणारच आहोत.

१९१४ चे महायुद्ध आले आणि गेले. खंदकातून परत आलेल्या तरुणांना अथेन्सच्या लढाया पुरेनाशा झाल्या. हे महायुद्ध का झाले, नाण्याची किंमत का कोसळते, राष्ट्राराष्ट्रांत कायदा असू शकतो काय, हे त्यांचे प्रश्न होते. १९२० हे ऑक्सफर्डच्या इतिहासातले उलथापालथीचे वर्ष ठरले. त्या वर्षी प्रवेशासाठी ग्रीकची सक्ती उठली. त्याच वर्षी स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या. आणि त्याच वर्षी तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र या तिहींची मिळून एक पदवी मंजूर झाली. तिला लोक 'मॉडर्न ग्रेट्स' म्हणू लागले. पुढे विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पी. पी. ई.' हे नाव रूढ झाले. कल्पना अशी की, जुन्या ग्रेट्सने अथेन्ससाठी जे केले, ते हिने आजच्या समाजासाठी करावे.

आता या पदवीसाठी शिकणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते पाहू. व्याख्याने असतातच, पण खरा कणा म्हणजे आठवड्याचा निबंध. शिक्षक एक प्रश्न देतो आणि दहाबारा पुस्तकांची नावे देतो. विद्यार्थी आठवडाभर वाचतो, लिहितो, आणि एकट्याने किंवा एखाद्या सोबत्याबरोबर शिक्षकासमोर बसून आपले लिखाण वाचून दाखवितो. शिक्षक वाक्यावाक्याला अडवितो : 'हे कशावरून?' तीन वर्षांच्या अखेरीस अंतिम परीक्षा.

एक उदाहरण घेऊ. १९२५ साली इंग्लंडचे अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा सोन्याशी, युद्धापूर्वीच्याच दराने, बांधला. हा निर्णय योग्य होता काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल की, त्यामुळे इंग्रजी माल परदेशात महाग झाला, कोळशाची निर्यात अडली, आणि मालकांनी मजुरी कापायची भाषा सुरू केली. केन्स यांनी तेव्हाच तसे बजावले होते. इथे अर्थशास्त्र थांबते. पण हा निर्णय घेतला कोणी? मतदारांनी? पार्लमेंटने? की बँकेच्या आणि खजिन्याच्या चार अधिकाऱ्यांनी? हा राज्यशास्त्राचा प्रश्न. आणि देशाची पत राखण्यासाठी खाणकामगाराने आपल्या ताटातली भाकरी कमी करावी, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला? हा तत्त्वज्ञानाचा. १९२६ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये नऊ दिवस सार्वत्रिक संप झाला, तो या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकदम मागत होता. एका शास्त्राचे उत्तर घेऊन त्याच्यासमोर जाणारा माणूस खोटा नसतो, पण तोकडा असतो.

हेच आपल्याकडे पाहा. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असावा की सहा पेन्स, हा वाद याच सुमारास इथे पेटला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयावरील ग्रंथ १९२३ चा, आणि चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. दराचा लाभ कोणत्या वर्गाला आणि झीज कोणत्या वर्गाला, हा प्रश्न त्यांनी नजरेआड होऊ दिला नाही. बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठातले १९१३ ते १९१६ हे शिक्षण पदव्युत्तर होते. पण अर्थशास्त्र हा मुख्य विषय ठेवून त्यांनी तिथे इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र यांचेही पाठ घेतले. जातिसंस्थेवरचा त्यांचा १९१६ चा प्रसिद्ध निबंध मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला आहे. एक विषय खोल आणि बाकीचे त्याच्याभोवती जागे, ही रचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ऑक्सफर्डचा प्रयोग फळला काय? एका अर्थी फारच फळला. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरन, लिझ ट्रस, ऋषी सुनक असे पाच ब्रिटिश पंतप्रधान या एका पदवीचे. पण यशाबरोबर टीकाही आली. टीकाकार म्हणतात, ही पदवी कोणत्याही विषयावर आठवड्यात एक डौलदार निबंध लिहिणारा माणूस तयार करते. त्याला आत्मविश्वास मिळतो, ज्ञान मिळतेच असे नाही. या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, अर्थशास्त्र गणिताच्या वाटेने दूर गेले, तत्त्वज्ञान तर्काच्या, आणि तिघांना एकत्र सांभाळणे विद्यार्थ्याला जड होऊ लागले. आरंभी तिन्ही विषय शेवटपर्यंत घ्यावे लागत; १९७० मध्ये ही अट सैल झाली, आणि तेव्हापासून बहुतेक विद्यार्थी पहिल्या वर्षानंतर एक विषय सोडतात.

खरे दुखणे आमच्या मते याहून खोल आहे. तीन विषयांचे तीन शिक्षक, तीन ग्रंथसूच्या, तीन उत्तरपत्रिका. त्यांची सांगड घालायची कोणी? ती एकोणीस वर्षांच्या मुलावर सोडलेली असते. काही जणांना ती साधते. बाकीच्यांच्या हाती खरोखरच चिंध्या येतात. धागे सगळे दिले, पण माग दिला नाही, असा हा प्रकार आहे.

लिंडसे यांना हे उमगले होते. १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षे ते बेलियलचे प्रमुख होते. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानातील ख्रिस्ती उच्च शिक्षणाची पाहणी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्मा गांधी ऑक्सफर्डला आले तेव्हा त्यांच्याच घरी उतरले होते. असा हा मान्यवर गृहस्थ सत्तरीच्या उंबरठ्यावर ऑक्सफर्ड सोडून निघाला, तो कोठे? स्टोकच्या कुंभारांकडे. त्या गावच्या कामगार-वर्गांतून वाढलेल्या लोकांनी आणि नगरपालिकेने आपले स्वतःचे विद्यापीठ मागितले होते. जवळच कील येथे एका जुन्या जमीनदारी वाड्याच्या आवारात, युद्धकाळात सैन्याने बांधलेल्या बराकींत, १९५० मध्ये पहिले विद्यार्थी दाखल झाले.

तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. पहिले वर्ष 'पायाभरणीचे'. त्या वर्षी प्रत्येकाने, मग त्याला पुढे रसायन शिकायचे असो वा राज्यशास्त्र, एकच व्याख्यानमाला ऐकायची : विश्व, जीवसृष्टी, ग्रीस-रोमपासूनचा इतिहास, उद्योगयुग, आजच्या समाजाचे प्रश्न. नुसते ऐकायचे नाही. लहान गटांत बसून चर्चा करायची आणि लिहायचे. पुढील तीन वर्षे दोन मुख्य विषय आणि त्यांच्या जोडीला उपविषय. त्यांत कलाशाखेच्या विद्यार्थ्याला शास्त्राचा आणि शास्त्रशाखेच्या विद्यार्थ्याला कलेचा एक तरी घ्यावाच लागे. म्हणजे सांगड घालण्याचे काम आधी शिक्षकांनी करायचे, मग विद्यार्थ्याने. लिंडसे १९५२ मध्ये वारले. १९६२ मध्ये ही संस्था पूर्ण विद्यापीठ झाली. पण चौथ्या वर्षाचा खर्च, आणि लवकर पदवी घेऊन बाहेर पडण्याची घाई, यांपुढे पायाभरणीचे ते वर्ष हळूहळू ऐच्छिक झाले आणि शतकाच्या अखेरीस त्याचे मूळचे रूप उरले नाही. चांगली गोष्ट महाग असते आणि महाग गोष्टीला प्रथम कात्री लागते, हा अनुभव काही कीलपुरता नाही.

आता घराकडे वळू. आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मयही शिकवीत आणि इतिहासही. १८९२ मध्ये डेक्कन महाविद्यालयातल्या व्याख्यानात त्यांनी हेच बजावले की, अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशाचा इतिहास आणि परिस्थिती बाजूला सारून जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गणित शिकविणारे गोखले इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवू लागले, आणि १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाचा हिशेब मांडताना त्यांना आकडाही हवा होता आणि न्यायही. ज्या वसंत व्याख्यानमालेच्या परंपरेत आपण बसलो आहोत, तिची सुरुवात रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात झाली. लाँगटनच्या वर्गापूर्वी तेहेतीस वर्षे आपल्याकडे नागरिक संध्याकाळी जमून आज इतिहास, उद्या अर्थकारण, परवा समाजसुधारणा असे ऐकत होते. मात्र एक फरक होता, आणि तो कबूल केला पाहिजे. आपण ऐकले, लाँगटनच्या कुंभारांनी ऐकले आणि पंधरवड्याला निबंध लिहिला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही बहुविद्याशाखीय पदवीचे दार उघडले आहे. मुख्य विषय, उपविषय, खुले विषय, चार वर्षांची मुदत. रचना पाहता लिंडसे यांना ती ओळखीची वाटली असती. पण दार उघडणे निराळे आणि घर बांधणे निराळे. बाजारातून चार भाज्या पिशवीत भरून आणल्या म्हणजे स्वयंपाक होत नाही. वेळापत्रकात जो विषय बसला तो घेतला, अशा रीतीने मुलांनी श्रेयांक गोळा केले, तर आजोबांचे म्हणणे खरे ठरेल आणि आपल्याला मान खाली घालावी लागेल.

म्हणून ज्या घरात हा प्रश्न आज उभा आहे, त्यांनी महाविद्यालयाच्या खिडकीशी तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली : कोणता तरी एक विषय शेवटपर्यंत खोल शिकविला जातो काय? मार्शल यांचा आग्रह तेवढ्यापुरता खरा आहे. दुसरी : निरनिराळ्या विषयांचे शिक्षक एकाच प्रश्नावर कधी एकत्र बसतात काय? तसे नसेल तर तो जोड-अभ्यास नव्हे, ती नुसती शेजारपाजारची खोली. तिसरी : विद्यार्थ्याला स्वतः लिहावे लागते काय, आणि लिहिलेल्यावर त्याला कोणी 'हे कशावरून?' असे विचारते काय? ही तीन उत्तरे होकारार्थी आली, तर मुलाला खुशाल जाऊ द्यावे. नकारार्थी आली, तर एकच विषय नीट शिकलेला बरा.

आणि आजोबांना आमचे एक नम्र सांगणे आहे. दुष्काळ पडतो तेव्हा तो कृषिशास्त्राचा, अर्थशास्त्राचा की राज्यशास्त्राचा, असे विचारून पडत नाही. कर्जात बुडालेला शेतकरी, गिरणी बंद पडलेला कामगार, धरणाखाली गाव गेलेली बाई, यांचे दुःख एकाच वेळी सगळ्या विषयांत मोडते. तेव्हा ते समजून घेणारी चार माणसे तरी गावात असली पाहिजेत. लाँगटनच्या कुंभारांनी अशी माणसे मागितली आणि मागता मागता ती स्वतःच तशी झाली. ज्यांना आता कोठल्याही महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा नाही, अशा आपल्यासारख्या श्रोत्यांनाही ही वाट मोकळी आहे. आज घरी गेल्यावर या व्याख्यानातले जे पटले नाही, ते दोन पाने लिहून काढावे. आम्ही ती आनंदाने वाचू, आणि समासात 'हे कशावरून?' असे जरूर लिहू.